मूल होत नाही म्हटलं की बाईकडेच बोट जायचं, त्या काळात पुरुषांच्या प्रश्नांना उत्तरं छापणारा गणिताचा प्राध्यापक : र. धों. कर्वे

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही की घरात काय सुरू होतं, हे वेगळं सांगायला नको. सुनेची सोनोग्राफी होते. थायरॉइड तपासलं जातं. गर्भनलिका उघड्या आहेत का हे बघायला एक्स-रे निघतो. कुणी नवस सुचवतं, कुणी जडीबुटीवाला सुचवतं. यात वर्ष-दीड वर्ष सहज जातं आणि मग कधीतरी डॉक्टर नवऱ्याकडे वळतात आणि सांगतात की आता तुमचीही एक तपासणी करून घेऊ.

ही तपासणी म्हणजे सिमेन ॲनालिसिस, मराठीत वीर्य तपासणी. सगळ्या तपासण्यांमध्ये सगळ्यात सोपी आणि स्वस्तातली. सुई नाही, भूल नाही, पोट फुगवून पाणी पिणं नाही. तरीही ती सगळ्यात शेवटी होते. आणि मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूनं काही ना काही कारण असतं, कधी एकट्या त्याचं, कधी दोघांचं मिळून.

मग उशीर कशाचा? तर लाजेचा. वीर्य हा शब्द आजही घरात बोलला जात नाही. पण साधारण शंभर वर्षांपूर्वी मुंबईत एक माणूस हा शब्द मासिकात छापत होता, वाचकांच्या पत्रांना उत्तरं देत होता आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढत होता.

त्यांचं नाव रघुनाथ धोंडो कर्वे.

आता तुम्ही म्हणाल, र. धों. कर्वे तर संततिनियमनवाले. मूल होऊ नये म्हणून काय करावं हे सांगणारे. त्यांचा आणि मूल होत नाही म्हणून डॉक्टरकडे जाणाऱ्यांचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो बराच जवळचा आहे. त्यासाठी त्यांची गोष्ट पहिल्यापासून बघावी लागेल.

कर्वे घराणं मूळचं कोकणातलं, दापोलीजवळच्या मुरूडचं. वडील धोंडो केशव कर्वे, म्हणजे पुढे ज्यांना भारतरत्न मिळालं ते महर्षी अण्णासाहेब कर्वे. रघुनाथ हा त्यांचा थोरला मुलगा, जन्म 14 जानेवारी 1882 चा. आई राधाबाई. 1891 साली बाळंतपणातच राधाबाई गेल्या. रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा होता.

या एका घटनेनंच पुढचं सगळं आयुष्य ठरलं असं म्हणणं सिनेमात शोभून दिसतं, खऱ्या आयुष्यात असं सरळ काही नसतं. पण बाळंतपणात बाई मरते ही गोष्ट या मुलानं पुस्तकात वाचली नव्हती, स्वतःच्या घरात बघितली होती, एवढं मात्र खरं.

दोन वर्षांनी, 1893 साली, अण्णांनी दुसरं लग्न केलं. तेही एका विधवेशी. गोदूबाई, ज्या पुढे बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या, त्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. विधवेशी लग्न म्हणजे त्या काळात जातीबाहेर पडण्यासारखंच. मुरूडकरांनी बहिष्कार टाकला. म्हणजे समाज एखाद्याला वाळीत टाकतो तेव्हा नेमकं काय होतं, याचं प्रात्यक्षिक रघुनाथला अकराव्या वर्षीच मिळालं होतं.

पोरगा अभ्यासात भलताच हुशार. 1899 साली मॅट्रिकच्या परीक्षेत पहिला आला. फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेतली. विषय गणित. पुढे प्राध्यापकीही गणिताचीच केली आणि त्यांचं लिखाण वाचलं की हे कळतंच. एक गृहीतक घ्यायचं, त्याला पुरावा मागायचा, पुरावा नसेल तर ते सोडून द्यायचं. भावना दुखावतील का, हा प्रश्न त्यांच्या समीकरणात कधी नव्हताच.

लग्न झालं गंगू गोखले यांच्याशी. लग्नानंतर त्या मालतीबाई झाल्या. दोघांनी ठरवून मूल होऊ दिलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक मराठी जोडपं आपल्या मर्जीनं अपत्याशिवाय राहतं, आणि ते लपवतही नाही. नातेवाइकांनी काय काय तर्क केले असतील याची कल्पना तुम्हीच करा. आजही लग्नानंतर दोन वर्षांत काही गोड बातमी नसेल तर लोक सोडत नाहीत.

गणिताच्या पुढच्या शिक्षणासाठी रघुनाथराव पॅरिसला जाऊन आले. तिथून परतल्यावर मात्र गणित मागे पडलं आणि दुसरंच काम पुढे आलं.

वर्ष 1921. मार्च महिन्यात लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी संततिनियमनाचं केंद्र उघडलं. त्याच्या पाच वर्षं आधी, 1916 साली, अमेरिकेत मार्गारेट सँगर यांनी ब्रुकलिनमध्ये असंच केंद्र सुरू केलं होतं, ते पोलिसांनी काही दिवसांतच बंद पाडलं. आणि त्याच 1921 साली मुंबईत रघुनाथ कर्व्यांनी आपलं केंद्र सुरू केलं. भारतातलं हे पहिलं संततिनियमन केंद्र मानलं जातं. मागे सरकार नाही, संस्था नाही, देणगीदार नाही. नवरा-बायको दोघंच.

1923 मध्ये त्यांची दोन पुस्तकं आली. एक संततिनियमनावरचं आणि दुसरं गुप्तरोगांपासून बचाव या नावाचं. लोकांना पहिलं पुस्तक आठवतं, दुसरं फारसं कुणाला आठवत नाही. पण आपल्या विषयासाठी दुसरंच जास्त महत्त्वाचं आहे.

कारण त्या काळात मूल न होण्यामागे गुप्तरोग हे मोठं कारण होतं. परमा, म्हणजे गनोरिया, पुरुषाला झाला की तो नुसता लघवीच्या जागी थांबत नाही. वेळेवर उपचार झाले नाहीत तर संसर्ग आत सरकतो, वृषणाच्या मागे शुक्राणू वाहून नेणारी जी बारीक गुंडाळलेली नळी असते तिथे पोचतो. तिथे सूज येते, व्रण भरताना नळी बुजते. वृषणात शुक्राणू तयार होत राहतात, पण बाहेर पडायला वाटच उरत नाही. हाच रोग नवऱ्याकडून बायकोला गेला की तिच्या गर्भनलिका बुजतात. पेनिसिलिन हाताशी यायला 1940 चं दशक उजाडावं लागलं. तोपर्यंत परम्यावर खात्रीचा इलाज नव्हता.

म्हणजे हिशेब असा व्हायचा : रोग नवऱ्यानं बाहेरून आणला, मूल दोघांना झालं नाही, आणि वांझ म्हणून शिक्का बसला बायकोवर. मग मूल हवं म्हणून नवऱ्याचं दुसरं लग्न. दुसरीलाही मूल नाही. तरी शंका कुणाची? दुसरीच्या नशिबाची.

अशा काळात गुप्तरोग टाळता येतात, निरोध वापरला तर नको असलेलं गरोदरपणही टळतं आणि रोगही टळतो, हे मराठीत छापून सांगणं म्हणजे पुढे मूल हवं असणाऱ्यांचंही भलं करणंच होतं. मूल कधी हवं आणि कधी नको हे माणसानं ठरवावं, रोगानं किंवा अपघातानं नाही, हा कर्व्यांचा मूळ मुद्दा होता.

नोकरी तेव्हा विल्सन कॉलेजात होती. ख्रिस्ती मिशनचं कॉलेज. प्राध्यापक वर्गात कलनशास्त्र शिकवतो आणि बाहेर निरोधाबद्दल लिहितो, हे व्यवस्थापनाला पटण्यासारखं नव्हतं. 1925 साली राजीनामा देण्याची वेळ आली. कर्व्यांनी नोकरी सोडली, विषय सोडला नाही. इथून पुढे पैशाची चणचण कायमची पाठीशी लागली.

आणि नोकरी गेलेल्या माणसानं काय करावं? तर कर्व्यांनी मासिक काढलं.

15 जुलै 1927 ला समाजस्वास्थ्यचा पहिला अंक निघाला. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र. लोक तिथेच बिथरले. आत लैंगिक शिक्षण, संततिनियमन, स्त्रियांचे हक्क, आहार, बुवाबाजी असे विषय. नुसत्या पुरुषाच्याच नाही तर बाईच्याही शरीरसुखाबद्दल ते उघड लिहायचे, आणि लोकांना सगळ्यात जास्त झोंबलं ते बहुतेक हेच. मासिकाचा खप फार कधी नव्हता, तोटा मात्र नियमित. तरी ते सव्वीस वर्षं चाललं.

या मासिकातला सगळ्यात स्फोटक भाग कुठला होता सांगू? वाचकांची पत्रं.

तरुण मुलं, लग्न झालेले पुरुष, बायका, सगळे कर्व्यांना प्रश्न विचारायचे. जे वडिलांना विचारता येत नव्हतं, डॉक्टरला विचारायची लाज वाटत होती, ते पोस्टानं त्यांच्याकडे यायचं. आणि कर्वे उत्तरं छापायचे. हस्तमैथुनाबद्दलचे प्रश्न त्यात होतेच.

त्या काळात, आणि खरं सांगायचं तर आजही, पुरुषांच्या डोक्यात एक भीती घट्ट बसलेली असते. रक्ताचे चाळीस थेंब आटले की वीर्याचा एक थेंब होतो. वीर्य गेलं की ताकद गेली, बुद्धी गेली, पुढे मूलही होणार नाही. या भीतीवर अख्खे धंदे उभे राहिले. भिंतीवरच्या जाहिराती, तंबूतले वैद्य, चूर्णाच्या पुड्या. मानसोपचारतज्ज्ञ नरेंद्रनाथ विग यांनी 1960 साली या आजारी करणाऱ्या भीतीला धात सिंड्रोम हे नाव दिलं आणि ते आजही वैद्यकीय पुस्तकांत आहे.

खरं काय आहे? वीर्य रक्तापासून आटवून बनत नाही. त्यातला बहुतेक भाग हा शुक्राशय आणि प्रोस्टेट या दोन ग्रंथींचा स्राव असतो. प्रत्यक्ष शुक्राणूंचा वाटा आकारमानानं अगदी थोडा, शंभरात जेमतेम काही भाग. शुक्राणू तयार होण्याचं काम निरोगी पुरुषात रात्रंदिवस चालूच असतं, सेकंदाला हजारभर या वेगानं. साठवून ठेवले तर वाढत नाहीत. उलट फार दिवस साठले तर जुने होतात, त्यांची हालचाल मंदावते. म्हणूनच तपासणीच्या आधी किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवसांचं अंतर ठेवायला सांगतात. महिनाभर जपून ठेवलं म्हणून रिपोर्ट चांगला येत नाही.

हस्तमैथुनानं माणूस नपुंसक होत नाही, असं कर्वे तेव्हा लिहीत होते. तो काळ असा होता की देशातला सगळ्यात मोठा नेता ब्रह्मचर्याचा आणि वीर्यरक्षणाचा पुरस्कार करत होता. गांधीजींना कृत्रिम साधनं मान्य नव्हती, संयम हाच त्यांचा मार्ग. मार्गारेट सँगर 1935 च्या शेवटी वर्ध्याला येऊन त्यांना भेटल्या, बरीच चर्चा झाली, पण गांधीजींचं मत बदललं नाही. कर्व्यांनी गांधीजींवरही टीका केली. म्हणजे सनातनी विरोधात, मिशनवाले विरोधात आणि राष्ट्रीय चळवळीतलेही विरोधात. इतक्या बाजूंनी शत्रू जमवायलाही एक प्रकारची चिकाटी लागते.

1931 साली पहिला खटला झाला. व्यभिचाराच्या प्रश्नावर लिहिलेल्या लेखामुळे अश्लीलतेचा आरोप. शंभर रुपये दंड. त्या काळी शंभर रुपये म्हणजे तोट्यात मासिक चालवणाऱ्या माणसाला जड रक्कम.

दुसरा खटला 1934 चा. आणि या वेळी आरोप होता तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. हस्तमैथुन, समलिंगी संबंध असे विषय त्यात होते. या खटल्यात कर्व्यांच्या बाजूनं उभे राहिले बॅरिस्टर भीमराव आंबेडकर. पुणे करार होऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं, डोक्यावर चळवळीचा सगळा भार, आणि तरीही बाबासाहेबांनी हे वकीलपत्र घेतलं. युक्तिवादाचा गाभा असा होता की लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते आपोआप अश्लील ठरत नाही, आणि लोकांच्या मनात शंका असतील तर त्यांना ज्ञानानंच उत्तर द्यावं लागेल. खटला हरले. दंड दोनशे रुपये.

आंबेडकरांचा या विषयातला रस तिथे संपला नाही. 1938 साली त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या प्रचारासाठी ठराव मांडला गेला. तोही फेटाळला गेला.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. कर्व्यांना शिक्षा झाली ती पुरुषांच्या मनातल्या शंकांना उत्तर दिलं म्हणून. ज्या शंका आज कुठल्याही इनफर्टिलिटी क्लिनिकमध्ये पहिल्या भेटीतच निघतात, त्याच.

आणि विज्ञान तोपर्यंत कुठे पोचलं होतं? शुक्राणू माणसाच्या नजरेला पहिल्यांदा पडले 1677 साली, हॉलंडमधल्या लेव्हेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्यानं स्वतः घासलेल्या भिंगाखाली. पण बघणं वेगळं आणि मोजणं वेगळं. शुक्राणू नीट मोजून त्या आकड्याचा मूल होण्याशी काय संबंध आहे हे तपासणारा मॅकोम्बर आणि सँडर्स यांचा अभ्यास अमेरिकेत प्रसिद्ध झाला 1929 साली, म्हणजे समाजस्वास्थ्य सुरू होऊन दोन वर्षं झाल्यावर. रक्तपेशी मोजायची रेघांची काच असते ना, तीच वापरून. तोपर्यंत पुरुषाची बाजू हा बहुतेक अंदाजाचाच मामला होता. मर्दानगी दिसते ना, मग मूल होणारच, असा हिशेब.

हा हिशेब किती चुकीचा आहे, हे समजायला पनवेलजवळच्या नेऱ्यापर्यंत जाऊया. नवीन पनवेलहून माथेरानच्या पायथ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. आता तिथेही टॉवरच्या जाहिराती पोचल्यात, पण आसपासच्या लोकांना नेरे म्हटलं की आठवतं ते शांतिवन, कुष्ठरुग्णांसाठी उभं राहिलेलं केंद्र. कुष्ठरोग म्हटला की आपल्याला हातापायाची बोटं आठवतात. पण या रोगाच्या जंतूला शरीरातल्या थंड जागा आवडतात. नाक, कान, हातपाय आणि वृषण. वृषण शरीराबाहेर लोंबतात ते मुळात थंड राहण्यासाठीच, शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन-चार अंश कमी तापमान लागतं. त्यामुळे कुष्ठरोगाच्या तीव्र प्रकारात जंतू तिथेही घर करतात आणि शुक्राणूंचं उत्पादन कायमचं थांबू शकतं. 1980 च्या दशकात बहुविध औषधोपचार आले आणि रोग लवकर आटोक्यात यायला लागला, त्याआधी कितीतरी पुरुषांच्या बाबतीत हे होत असे. त्यांचे संबंध व्यवस्थित, वीर्यही बाहेर येतंय, पण त्यात शुक्राणू नाहीत. डोळ्यांना फरक दिसतच नाही. तो सूक्ष्मदर्शकालाच दिसतो.

गालगुंडाचंही तसंच. वयात आल्यावर गालगुंड झाले आणि ते वृषणात उतरले तर तोच धोका. जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्यांचं तर अजून गंमतशीर. बाहेरून हार्मोन मिळतंय म्हटल्यावर मेंदू वृषणांना काम थांबवायला सांगतो. दंड फुगतात, शुक्राणू आटतात. ज्याला सगळा गाव मर्द म्हणतो त्याचा रिपोर्ट शून्य येऊ शकतो.

मग त्या रिपोर्टमध्ये असतं काय? जागतिक आरोग्य संघटना यासाठी एक पुस्तिका काढते, पहिली 1980 साली आली आणि सहावी आवृत्ती 2021 ची. नमुना दिल्यावर तो आधी पातळ होऊ देतात आणि तासाभराच्या आत तपासायला घेतात. एकूण वीर्य किती, एका मिलिलिटरमध्ये शुक्राणू किती, त्यातले हलतात किती, पुढे सरळ पोहतात किती आणि आकारानं नीट किती. सहाव्या आवृत्तीप्रमाणे खालची मर्यादा अशी आहे : वीर्य 1.4 मिलिलिटर, मिलिलिटरमागे 1 कोटी 60 लाख शुक्राणू, एकूण 3 कोटी 90 लाख, हालचाल करणारे 42 टक्के, पुढे पोहणारे 30 टक्के. आणि आकारानं नीट असलेले फक्त 4 टक्के.

या शेवटच्या आकड्यावर लोक हमखास घाबरतात. चार टक्केच चांगले म्हणजे गेलंच सगळं! नाही हो. निसर्गात बहुतेक शुक्राणू वेडेवाकडेच असतात, चार टक्के म्हणजे नॉर्मल.

हे आकडे आले कुठून, तेही बघण्यासारखं आहे. ज्या पुरुषांच्या जोडीदाराला वर्षभराच्या आत दिवस गेले, अशा पुरुषांचे नमुने तपासले आणि त्यातल्या सगळ्यात खालच्या पाच टक्क्यांची रेषा घेतली. म्हणजे या रेषेच्या खाली असलेलेही बाप झालेले आहेत. आणि रेषेच्या वर आहात म्हणून मूल होईलच याची हमी नाही. रिपोर्ट हा पास-नापासाचा निकाल नसतो. शिवाय एकदा आलेला खराब रिपोर्ट परत करून बघतात, कारण शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. दोन महिन्यांपूर्वी मोठा ताप येऊन गेला असेल तर त्याचा परिणाम आजच्या नमुन्यात दिसतो.

उपचार या तपासणीवर ठरतात. वृषणाभोवतीच्या शिरा फुगल्या असतील तर काहींना शस्त्रक्रियेचा फायदा होतो. मेंदूकडून येणारं हार्मोन कमी असेल तर इंजेक्शननं काम होतं. संख्या थोडी कमी असेल तर नमुना धुऊन चांगले शुक्राणू गर्भाशयात सोडतात. आणि फारच कमी असतील तर एकच शुक्राणू सुईनं बीजात सोडायचं इक्सी हे तंत्र आहे, ज्यानं 1992 पासून पुरुषांच्या बाबतीतलं चित्रच पालटलं. परम्यानं नळी बुजलेल्या, ज्यांच्यासाठी कर्व्यांच्या काळात काहीच इलाज नव्हता, अशा माणसाच्याही वृषणातून शुक्राणू काढून आज प्रयत्न करता येतो.

या तपासणीचा अजून एक उपयोग कर्व्यांना नक्की आवडला असता. नसबंदी केल्यावर तीन महिन्यांनी हीच तपासणी करतात. तिथे शून्य आला की रिपोर्ट चांगला.

बरं, परत कर्व्यांकडे. दंड भरूनही मासिक थांबलं नाही. 1934 सालीच आधुनिक कामशास्त्र हे पुस्तक आलं. पुढे आहारशास्त्रावर लिहिलं, वेश्याव्यवसायावर लिहिलं. मामा वरेरकरांसारखे मित्र पाठीशी होते, पण अंक काढायचा, मजकूर लिहायचा, पत्रांना उत्तरं द्यायची हे काम बहुतेक एकट्याचंच. घराचा गाडा ओढण्यात मालतीबाईंचा वाटा मोठा होता. त्यांच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलंय. नवरा कोर्टात उभा राहतो तेव्हा शेजारणी बायकोकडे कसं बघतात, हे त्यांनी वर्षानुवर्षं सोसलं असणार. रघुनाथरावांच्या आधी त्या गेल्या आणि शेवटची वर्षं त्यांनी एकट्यानं काढली.

1952 साली भारत सरकारनं कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम अधिकृतपणे हाती घेतला. जगात असं करणारा हा पहिला देश. ज्या गोष्टीसाठी कर्व्यांची नोकरी गेली, ती आता सरकारी योजना होती. त्यांना कुठल्या समितीवर मानाचं पान मिळालं, गाडी आली, असं काही झालं नाही.

14 ऑक्टोबर 1953 ला रघुनाथराव गेले. वय एकाहत्तर. नोव्हेंबर 1953 चा अंक हा समाजस्वास्थ्यचा शेवटचा. वडील अण्णासाहेब तेव्हा पंचाण्णव वर्षांचे होते, त्यांनी थोरल्या मुलाचा मृत्यू बघितला आणि पुढे आणखी नऊ वर्षं जगले.

कामाचा धागा शकुंतला परांजपे यांनी पुढे नेला. रँग्लर परांजप्यांची ही मुलगी कुटुंबनियोजनाचं काम करत राहिली आणि राज्यसभेपर्यंत पोचली. 2001 साली अमोल पालेकरांनी कर्व्यांवर ध्यासपर्व हा सिनेमा काढला. अलीकडे अतुल पेठे यांनी समाजस्वास्थ्य याच नावाचं नाटक रंगमंचावर आणलं, त्यात कोर्टातले खटलेच मध्यवर्ती होते.

आणि मुंबईत? कर्वे गेल्यावर पुढच्याच वर्षी, 1954 साली, गर्भनिरोधक साधनं तपासायला एक सरकारी केंद्र सुरू झालं. त्याचंच पुढे परळमधल्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत रूपांतर झालं. मूल नको असणाऱ्यांसाठी सुरू झालेल्या त्या जागेत मूल हवं असणाऱ्यांच्या प्रश्नांवरही संशोधन व्हायला लागलं. 6 ऑगस्ट 1986 ला तिथून जवळच, केईएम रुग्णालयात, डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली, आणि त्या कामात परळची ही संस्था सोबत होती.